नावावरूनच निकाल

दर तीन महिन्यांनी जपानमधून नव्या ॲनिमे, म्हणजे तिथल्या ॲनिमेशनच्या, मालिकांची यादी येते. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार हंगाम. प्रत्येक हंगामाच्या तोंडावर पन्नासएक चौकटींचा एक मोठा तक्ता फिरायला लागतो. चौकटीत एक चित्र, खाली नाव, स्टुडिओ, प्रसारणाची तारीख. बस. मी हा तक्ता बरीच वर्षं नेमाने बघतो. तो आला की थोड्याच वेळात कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतं, एका चौकटीभोवती लाल रेघ ओढतं आणि वर लिहितं, ‘हे असलं बघता तुम्ही?’ पुढचे दोन दिवस मग त्या एका नावाचे. जपानी समाजाचं कसं होणार इथपासून ॲनिमे बघणाऱ्यांना आधी पोलिसात द्या इथपर्यंत मजल जाते. समोरून तितक्याच जोरात उत्तर येतं, ‘आधी बघा, मग बोला.’ गंमत अशी, की तेव्हा मालिकेचा एकही भाग लागलेला नसतो. मूळ जपानी पुस्तक यातल्या बहुतेकांना वाचता येत नाही. शिव्या देणारे आणि कैवार घेणारे, दोघेही सारखेच कोरे.

ऑक्टोबर 2018 च्या तक्त्यात एक चौकट होती: ‘सेइशुन बुता यारो वा बनी गर्ल सेनपाई नो युमे ओ मिनाई’. म्हणजे ढोबळमानाने, ‘वयात आलेल्या या डुकराला बनी गर्ल सेनपाईची स्वप्नं पडत नाहीत’. सेनपाई म्हणजे शाळेत आपल्या पुढच्या वर्गात असलेली. चित्रात सशाचे कान आणि काळा तंग पोशाख घातलेली मुलगी. हे नाव आणि हे चित्र बघून कोणी नाक मुरडलं तर मी त्याला बोल लावणार नाही. ट्रेनमध्ये शेजारच्या काकूंना स्क्रीन दिसेल म्हणून मी स्वतः ही मालिका घरीच बघितली.

आत काय आहे? फुजिसावा नावाच्या शहरातलं एक ग्रंथालय. कपाटांच्या मधून ती सशाचे कान लावलेली मुलगी चालते आहे आणि कोणीही मान वर करून बघत नाही. अभ्यास करणारी मुलं नाहीत, पुस्तकं चाळणारी माणसं नाहीत. ही साकुराजिमा माई. लहानपणी गाजलेली अभिनेत्री, आता कामातून सुट्टी घेऊन शाळेत परतलेली. प्रसिद्ध मुलीशी वागायचं कसं हे शाळेत कोणाला कळेना, म्हणून सगळे तिच्याकडे बघेनासे झाले. कोणी ठरवून केलं असंही नाही, तशी हवाच पडली. आणि मग ती खरोखरच लोकांना दिसेनाशी झाली. पुढे पुढे तर तिच्या आईलाही अशी एक मुलगी आपल्याला आहे हे आठवेना. तो पोशाख तिने मुद्दाम घातला आहे. एवढ्या अचरट वेशात तरी आपण कोणाला दिसतो का, हे तिला पडताळून बघायचं आहे.

सकुता नावाच्या ज्या मुलाला ती दिसते, तोही शाळेत एकटाच. याने म्हणे तीन मुलांना मारून दवाखान्यात पाठवलं, अशी त्याच्याबद्दल अफवा आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. त्याची धाकटी बहीण काएदे. वर्गातल्या एका मुलीच्या मेसेजला उत्तर द्यायचं राहून गेलं, एवढ्यावरून मैत्रिणींचा सगळा गट तिच्यावर उलटला. फोनवर घाणेरडे मेसेज यायला लागले. ते वाचताना तिच्या अंगावर आपोआप जखमा उमटायच्या. मांडीवर चिरा, हातावर काळेनिळे डाग. सकुताच्या छातीवरचे तीन मोठे व्रण त्याच काळातले, दवाखान्यात गेला होता तो स्वतः. पण अफवेचा खुलासा तो करत नाही. हवेशी कोण भांडणार, असं त्याचं म्हणणं. आपला फोन त्याने समुद्रात भिरकावून दिला आहे.

म्हणजे घोळक्याने न वाचता, न विचारता एखाद्याचा निकाल लावला की त्या माणसाचं काय होतं, ही या मालिकेची गोष्ट. आणि तिचं नाव असं, की घोळक्याने न बघताच तिचा निकाल लावावा. हाजिमे कामोशिदा या लेखकाने हे किती जाणूनबुजून केलं ते त्यालाच ठाऊक. मला मात्र ते नाव म्हणजे माईचा तो पोशाखच वाटतो. कोण थांबतं, कोण डोळे फिरवतं ते बघायला घातलेला.

आता या नावांच्या लांबीबद्दल. जपानी ‘लाइट नॉव्हेल’ म्हणजे तरुण वाचकांसाठीच्या, अधूनमधून चित्रं असलेल्या खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या. 2010 च्या आसपास त्यांची नावं पूर्ण वाक्यांची व्हायला लागली. याचं एक कारण ‘शोसेत्सुका नी नारो’ नावाची साइट. 2004 साली सुरू झालेली ही साइट म्हणजे हौशी लेखकांनी आपापली प्रकरणं फुकट टाकायची जागा. तिथे आज लाखो कादंबऱ्या पडून आहेत. मुखपृष्ठ नाही, चित्र नाही, प्रकाशकाची जाहिरात नाही. यादीत दिसतं ते फक्त नाव. आपल्या लोकलच्या डब्यात चढलेल्या विक्रेत्याकडे दोन स्टेशनांच्या मधला वेळ असतो. माल काय, भाव काय आणि घरी नेलात तर बायको काय म्हणेल हे सगळं तो एका दमात सांगतो. ही नावं तशी आहेत. ‘व्हेंडिंग मशीन म्हणून पुनर्जन्म झालेला मी भूलभुलैयात भटकतो’ या नावाची कादंबरी आहे, 2023 साली तिचं ॲनिमेही आलं. कशाबद्दल आहे? व्हेंडिंग मशीन म्हणून पुनर्जन्म झालेला माणूस भूलभुलैयात भटकतो. फसवणूक शून्य.

काही वेळा मात्र नाव एक सांगतं आणि पहिलंच पान ते मागे घेतं. फुजिनो ओमोरीची 2013 पासूनची मालिका घ्या. नावाचा अर्थ साधारण असा, की भुयारात मुली गाठायची आशा धरणं चुकीचं आहे का? ॲनिमे 2015 साली आलं तेव्हा हे नाव म्हणजे सगळ्या पंथाच्या अध:पाताचा पुरावा म्हणून नाचवलं गेलं. पुस्तकात बेल नावाचा चौदा वर्षांचा पोर आजोबांच्या गोष्टी ऐकून खरंच ती आशा घेऊन भुयारात उतरतो, एका मिनोटॉरच्या, म्हणजे बैलाच्या डोक्याच्या राक्षसाच्या, तावडीत सापडतो, आणि नावातल्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे देऊन टाकतो: माझंच चुकलं. एक मुलगी त्याला वाचवते आणि हा तिच्यासमोरून धूम ठोकतो. पुढचे सगळे खंड तिच्याइतकं बळ कमवायच्या धडपडीचे.

आणखी एक. ही लांबलचक नावं वाचक स्वतः कधीच घेत नाहीत. प्रत्येक नावाचं एक चिमुकलं रूप असतं, तेही बऱ्याचदा अधिकृत. वरच्या कादंबरीचं ‘दानमाची’. माईच्या मालिकेचं ‘आओबुता’. आतल्या माणसाला पूर्ण नाव उच्चारायचं कारणच पडत नाही. पूर्ण नाव घेतात ते दोघेच: दुकानदार आणि रागावलेले लोक. लाल रेघ ओढणारा माणूस त्या नावाला जाहिरात म्हणून जे करायला हवं होतं तेच करत असतो, तेही फुकट. नाव हटकण्यासाठी बेतलं होतं, हा हटकला गेला, वर आणखी हजारभर लोकांना दाखवून आला. प्रकाशकाच्या ऑफिसात याबद्दल कोणी कपाळावर हात मारून घेत असेल असं मला वाटत नाही.

‘किमी नो सुइझो ओ ताबेताई’ हे त्यातलं मला सर्वांत आवडणारं उदाहरण. ‘मला तुझं स्वादुपिंड खायचंय.’ योरु सुमिनोची ही कादंबरीही आधी त्याच साइटवर होती, 2015 साली छापून आली, 2017 साली माणसांचा आणि 2018 साली ॲनिमेचा चित्रपट निघाला. नुसतं नाव ऐकलं तर रक्ताचे सडे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ग्रंथालयात पुस्तकं लावता लावता एक मरणाच्या वाटेवरची मुलगी वर्गमित्राला जुन्या समजुतीबद्दल सांगते, की ज्या अवयवाचा आजार असेल तोच अवयव दुसऱ्या प्राण्याचा खाल्ला तर बरं वाटतं. तिचं स्वादुपिंड निकामी होत चाललं आहे. घरच्यांशिवाय हे फक्त त्या मुलाला माहीत, तेही दवाखान्यात तिची वही चुकून हाती पडल्यामुळे. बाकी सांगत नाही. एवढंच सांगतो, की ज्यांनी भयपट समजून टाळला त्यांचा टिशू पेपरचा खर्च वाचला.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, की मी ‘आधी वाचा, मग बोला’वाल्यांचा वकील आहे. तसं असतं तर बरं झालं असतं, पण त्या गोटातही माझं फारसं जमत नाही. त्यांच्यासाठी ‘ओरेइमो’ची गोष्ट.

त्सुकासा फुशिमीची ही कादंबरी-मालिका 2008 साली सुरू झाली, ॲनिमे 2010 साली. पूर्ण नावाचा अर्थ, ‘माझी धाकटी बहीण इतकी गोड असणं शक्यच नाही’. भावाच्या तोंडचं वाक्य. नावावरून जो संशय यायचा तो सगळ्यांना आलाच. कैवाऱ्यांनी मात्र ठणकावून सांगितलं, की हे तसलं नाही, ही एका मुलीच्या लपवलेल्या छंदाची गोष्ट आहे. आणि सुरुवातीला ती तशीच आहे. किरिनो ही अभ्यासात हुशार, मॉडेलिंग करणारी मुलगी. कपाटात दडवून ठेवलेले ॲनिमे आणि गेम हे तिचं गुपित. एक दिवस ते तिच्या पोलीस वडिलांच्या हाती लागतं. वडिलांना त्या छंदाबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं टीव्हीवरच्या बातम्यांतून. भाऊ क्योसुके मध्ये पडतो. ज्या गोष्टी तिला आनंद देतात, ज्यांच्यामुळे तिला जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या, त्या तुम्ही न बघता कशा नाकारता, असं वडिलांच्या तोंडावर विचारतो. बहिणीच्या खोलीतले प्रौढांचे गेमही स्वतःचेच म्हणून सांगतो आणि वडिलांचा गुद्दा खातो. प्रसंग फार चांगला उतरला आहे. न वाचता निकाल देणाऱ्यांच्या विरोधातलं यापेक्षा नेटकं भाषण मी ॲनिमेत दुसरं ऐकलेलं नाही.

आणि मग 2013 साली बारावा, शेवटचा खंड आला. त्यात लेखकाने भावाबहिणीचंच जुळवून दिलं, शाळा संपेपर्यंतच्या बोलीवर का होईना. नाव वाचून ज्यांनी संशय घेतला होता त्यांचा संशय खरा निघाला. पाच वर्षं खिंड लढवणारे कैवारी उघडे पडले. त्यातले बरेच जण लेखकावर इतके चिडले, की त्यांची भाषा आणि आधीच्या चिडलेल्यांची भाषा यात फरक करणं अवघड झालं. वाचून झालेला राग मात्र जास्त तपशीलवार होता, एवढं मान्य करायला हवं. कोणत्या खंडात कोणत्या मुलीवर अन्याय झाला याची त्यांच्याकडे पानागणिक यादी होती.

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असाही प्रकार असतोच. ‘स्कूल डेज’. यापेक्षा निरुपद्रवी नाव कोणाला सुचणार? शाळेचे दिवस! सप्टेंबर 2007 मध्ये या मालिकेचा शेवटचा भाग लागायच्या आदल्या दिवशी क्योतो प्रांतात एका सोळा वर्षांच्या मुलीने वडिलांची कुऱ्हाडीने हत्या केली. शेवटच्या भागात किती रक्तपात आहे हे टीव्ही कानागावा या वाहिनीला ठाऊक होतं. त्यांनी तो भाग रद्द करून त्या वेळेत निसर्गदृश्यांची फिल्म लावली. त्यात मध्येच नॉर्वेतली एक बोट संथपणे पाण्यावरून जाते. प्रेक्षक सुरे-कुऱ्हाडींच्या तयारीने बसलेले आणि समोर शास्त्रीय संगीत आणि बोट. कोणीतरी परदेशी चाहत्याने खाली लिहिलं, ‘नाइस बोट’. ते दोन शब्द त्या मालिकेपेक्षा जास्त प्रसिद्ध झाले. नावावरून गाळणी लावणाऱ्यांच्या गाळणीतून ‘स्कूल डेज’ आजही अलगद खाली उतरेल.

गाळणी लावणारे बहुतेकदा सरकारी असतात. ‘डेथ नोट’ हे नाव त्यांचं आवडतं. 2003 ते 2006 या काळात चाललेली ही मांगा (जपानी चित्रकथा) म्हणजे ज्याचं नाव लिहावं तो मरतो अशी काळी वही एका अतिहुशार मुलाच्या हाती आली तर तो किती झपाट्याने सडतो याची कहाणी. 2015 साली चीनच्या संस्कृती मंत्रालयाने काळ्या यादीत टाकलेल्या 38 ॲनिमे आणि मांगांमध्ये ती होती. जानेवारी 2021 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका न्यायालयाने तिच्यावर बडगा उगारला. तसली काळी वही शाळेच्या दप्तरात सापडली म्हणून मुलांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवल्याच्या बातम्या तर जगभरातून येत असतात.

आणि हे आपल्याकडे येणार नाही असं समजायचं कारण नाही. डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून ऐकत वाढलेली पोरं आता मोठी झाली आहेत. मांगाचे खंड मुंबई-पुण्याच्या दुकानांत शेल्फभर असतात. पालकांना त्यातलं काही ठाऊक नसतं, कारण कणा उलट्या बाजूला आणि पानं उजवीकडून डावीकडे, चाळायला घेतलं तरी गोष्ट शेवटाकडून सुरू होते.

माझी भाची नाशिकला नववीत आहे. तिने शाळेच्या वाचन तासाला ‘असॅसिनेशन क्लासरूम’चा पहिला खंड नेला. खंड मीच वाढदिवसाला दिलेला. मुखपृष्ठ पिवळंधमक, त्यावर दोन ठिपक्यांचे डोळे आणि कानापर्यंत गेलेलं हसू. बाकी काही नाही. वर्गशिक्षिकांनी नाव वाचलं, पुस्तक काढून घेतलं, डायरीत ‘आक्षेपार्ह पुस्तक’ असा शेरा आला. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पिवळ्या चेहऱ्याचा फोटो फिरत होता, खाली ‘शिक्षकांचा खून कसा करावा हे मुलांना शिकवणारं पुस्तक’. रात्री बहिणीचा फोन.

“दादा, हे तूच दिलंस ना तिला?”

“मीच.”

“अरे, काय नाव आहे ते! मला ग्रुपवर तोंड दाखवायला जागा नाही.”

मी म्हटलं, दुसरा आणि तिसरा खंड तिच्या टेबलाच्या खणात असेल, काढ आणि वाच. बहीण म्हणाली मला वेळ नाही. मग अर्धा तास ग्रुपवर कोण काय म्हणालं ते सांगत बसली.

युसेई मात्सुईची ही मांगा 2012 ते 2016 अशी चार वर्षं चालली. एका पिवळ्या, ऑक्टोपससारख्या प्राण्याने चंद्राचा सत्तर टक्के भाग उडवून दिला आहे, आता आकाशात कायमची कोर आहे. पुढच्या मार्चमध्ये पृथ्वीही उडवेन, असं तो सांगतो. तोवर मात्र एका माध्यमिक शाळेतल्या तिसऱ्या वर्षाच्या ‘ई’ तुकडीला शिकवायचं त्याने ठरवलं आहे. म्हणून सरकार त्याच मुलांवर काम सोपवतं: मास्तरला मारा, दहा अब्ज येन बक्षीस. माणसाला इजा न करणारे, फक्त त्यालाच लागू पडणारे रबरी सुरे आणि छर्रे दिले जातात. पहिल्याच पानांवर हजेरी चालू आहे. मास्तर एकेक नाव घेतो आणि अख्खा वर्ग त्याच्यावर छर्रे झाडतो. तो आवाजाच्या वीसपट वेगाने सगळे चुकवतो आणि नावं घेणं थांबवत नाही. शेवटी समाधानाने सांगतो, आज उशिरा कोणी आलं नाही.

ही ‘ई’ तुकडी डोंगरावरच्या जुन्या लाकडी इमारतीत भरते, मुख्य शाळेपासून लांब. मार्क कमी पडले की तिथे रवानगी. बाकीच्या मुलांनी त्यांना हसावं अशी व्यवस्थाच आहे. पाच टक्के मुलांची दुर्दशा समोर ठेवली की पंच्याण्णव टक्के जीव तोडून अभ्यास करतात, असा तिथल्या मुख्याध्यापकांचा सिद्धान्त. आपल्याकडे शाळेत तुकड्या मार्कांवर पाडल्या जायच्या आणि शेवटच्या तुकडीत पंखा बंद पडला तर वर्षभर बंदच राहायचा. ते दिवस आठवणाऱ्याला हा सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्याच प्रकरणात नागिसा नावाच्या किरकोळ मुलाच्या गळ्यात दांडगट मुलं छर्ऱ्यांनी भरलेला खेळण्यातला बाँब अडकवतात. तू मास्तरच्या जवळ जा, आम्ही उडवतो. नागिसा जातो, कारण तो मेला काय आणि जगला काय, कोणाला फरक पडतो, असं त्याला मनापासून वाटतं. स्फोट होतो. मास्तर आपली कात टाकून ती त्याच्या अंगावर पांघरतो आणि त्याला वाचवतो. मग पिवळा चेहरा काळा होतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत तो सगळ्या मुलांच्या घरांवरच्या नावाच्या पाट्या उचलून आणतो आणि वर्गात त्यांचा ढीग ओततो. मला मारायचा प्रयत्न केलात म्हणून तो चिडलेला नाही. उलट, नागिसा किती सहज जवळ आला याचं तो कौतुकच करतो. चिडला आहे तो याच्यावर, की त्यांनी नागिसाच्या जिवाची किंमत केली नाही, आणि नागिसानेही केली नाही.

या मांगाला अमेरिकेत अनेक शाळांच्या ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आलं आहे. पेन अमेरिका ही संस्था शाळांतल्या पुस्तकबंदीची नोंद ठेवते. 2024-25 या शालेय वर्षात सर्वाधिक बंदी आलेल्या लेखकांत स्टीफन किंग पहिला आणि मात्सुई पहिल्या पाचांत. तिथल्या पालकांना मी साफ मूर्खात काढणार नाही. ज्या देशात शाळेतला गोळीबार ही दरवर्षीची बातमी आहे, तिथे शिक्षकावर बंदुका रोखलेल्या वर्गाचं चित्र बघून आईच्या पोटात गोळा येणारच. पण नाशिकच्या शाळेत तो गोळा कुठून आला? आमच्याकडे नुसतं साप साप म्हणून भुई धोपटणं झालं.

शाळा आणि मांगा यांचं हे वैर तसं जुनंच. ज्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात ‘डेथ नोट’ आणि मात्सुईची मांगा आली, ते 1968 साली निघालं आणि त्याच साली त्यात गो नागाईची ‘हारेन्ची गाकुएन’ सुरू झाली. म्हणजे ‘निर्लज्ज शाळा’. त्याने नावातच सगळं कबूल करून टाकलं होतं. आत गुरुजी आणि विद्यार्थी मिळून अचकट-विचकट चाळे करायचे. जपानभरच्या पालक-शिक्षक संघटना खवळल्या, निषेध, सभा, बहिष्कार. हे मात्र नुसत्या नावावरचं आंदोलन नव्हतं, आतही तेच होतं आणि त्यातलं बरंचसं आज मलाही वाचवत नाही. पण नागाईचं उत्तर बघण्यासारखं आहे. त्याने कथेतच संतापलेल्या पालकांची फौज शाळेवर चाल करून आणली आणि आपल्या जवळजवळ सगळ्या पात्रांची कत्तल करून टाकली. हसवणारी मांगा, तिच्यात अचानक मुलांची प्रेतं. तुम्हाला हेच हवं होतं ना, घ्या. त्यानंतर तो ‘डेव्हिलमॅन’ या मांगाकडे वळला, ज्यात हाच घोळका दिवट्या घेऊन परत येतो.

बहिणीला हे सगळं मी सांगितलं नाही. ती ऐकणाऱ्यातली नाही, वाचणाऱ्यातली आहे, फक्त तिला आपण वाचायला सांगितलेलं चालत नाही. काही दिवसांनी भाचीकडून कळलं, की आई रात्री दिवा लावून खंड वाचते आणि कोणी आलं की त्यावर मासिक ठेवते. मग रविवारी तिचा फोन आला.

“तो पिवळा मास्तर तर फारच चांगला आहे रे. प्रत्येक पोरासाठी वेगळा पेपर काढतो! आमच्या क्लासवाल्यांना वाचायला द्यायला पाहिजे.”

“मग? शाळेत सांग ना जाऊन.”

“थांब. ती इंग्रजी शिकवायला येते ती बाई. इरिना. भर वर्गात त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचा मुका घेते आणि सगळा वर्ग हसतो. पुरुष मास्तर असता आणि समोर मुलगी असती, तर हसले असते का रे?”

मी म्हटलं, ती पुढे बदलते, मुलांना जीव लावते.

“ते जीव लावणं वाचलं मी. मुके थांबतात का?”

थांबत नाहीत. पुढे बरेच खंड तो विनोद म्हणूनच चालू राहतो. मी जपानी विनोदाच्या परंपरेबद्दल काहीतरी बोलायला लागलो तर तिने मला मध्येच तोडलं. आमचा तासभर वाद झाला आणि त्यात तिची बाजू भक्कम होती. तिच्यापुढे आता वेगळाच पेच होता. सोमवारी पुस्तक सोडवून आणायला शाळेत जायचं होतं. आपल्याला खटकलेली गोष्ट बाईंना सांगितली, तर त्या म्हणणार, बघा, आम्ही नावावरूनच ओळखलं होतं! आणि नाही सांगितली तर, पुस्तकात आक्षेप घेण्यासारखं काहीच नाही, असं खोटं बोलावं लागणार.

शेवटी तिने शाळेत फक्त पुस्तक मागितलं, सही केली, आणि ते बोलणं घरी लेकीशी केलं. त्या इरिनाबाईचं तुला काय वाटतं, असं सरळ विचारलं. भाची म्हणाली, “आई, ती पानं आम्ही सगळ्याच पटापट उलटतो.”

“आम्ही सगळ्या म्हणजे कोण?”

“अख्खी तुकडी. तुझ्याकडचा तिसरा खंड दे ना आता, नंबर लागलाय त्याला.”